अकरा वाजताची भिंत

मी तेव्हा सूसला राहायचे आणि स्कूटरवरून घोटावड्याला कामाला जायचे. आमची प्रयोगशाळा म्हणजे एका शेतकरी बाईंच्या घरामागची भाड्याची खोली. माणसं दोनच, सर आणि मी. काचेवर फोटोपॉलिमरचा, म्हणजे प्रकाश पडला की बदलणाऱ्या रसायनाचा, पातळ थर द्यायचा, त्यावर दोन लेझर किरण एकत्र पाडायचे आणि तिथं उमटणाऱ्या सूक्ष्म नक्षीत माहिती साठवायची, हे आमचं काम. नक्षी ठळक यावी म्हणून सर त्या थरात अतिबारीक कण मिसळत. त्याला डोपिंग म्हणतात.

सकाळच्या काचा छान यायच्या. अकरानंतरच्या साफ कोऱ्या. सरांनी कणांवर संशय घेतला. तीन आठवडे आम्ही त्यांचं प्रमाण वाढवलं, घटवलं, कण बदलून पाहिले. शेवटी सर म्हणाले, "ऊन चढलं की कण एकमेकांना चिकटत असावेत." मी ते गंभीरपणे वहीत लिहून घेतलं.

एकदा लेझर चालू असताना मी हालचाल न करता उभी होते. टेबलावर जागा नव्हती म्हणून एक आरसा आम्ही भिंतीवर बसवला होता. त्याच्यावरून येणारा ठिपका डोलताना दिसला. भिंतीला कान लावला, तर पलीकडून खसर खसर. मागं जाऊन पाहिलं. मालकीणबाईंची म्हैस डोळे मिटून आमच्या भिंतीला पाठ घासत होती.

"मावशी, हिला रोज इथं बांधता?" मी विचारलं.

"अकराला पाण्यावरनं आणली की हितंच. का गं?"

"तिच्यामुळं आमचा प्रयोग बिघडतोय."

"ती तर भिंतीच्या भाईर हाय."

केसाच्या शंभराव्या भागाइतकं हललं तरी नक्षी पुसली जाते, हे सरांनी त्यांना नीट समजावलं. मावशींनी म्हशीला आंब्याखाली बांधून पाहिलं. ती खुंटा उपटून परत भिंतीशी आली.

"मंग खाजवा तिला," मावशी म्हणाल्या. "खाज भागली की गप उबी ऱ्हाती."

दुसऱ्या दिवसापासून अकराला मी काथ्या घेऊन म्हशीपाशी आणि सर आत लेझरपाशी.

"अगं, असं गोंजारून काय व्हतंय? जोर लाव," मावशी शेजारी उभ्या राहून शिकवत.

आतून सर विचारत, "सुरू करू?"

"थांबा सर, मान राहिलीय."

चौथ्या दिवशी काच उत्तम आली. कणांचं अगदी पहिलं प्रमाणच बरोबर होतं. सरांनी तीन आठवड्यांच्या पानांवर एक मोठी फुली मारली आणि चहा मागवला. मावशींना आम्ही काचेत साठवलेली माहिती पडद्यावर दाखवली, काळ्यापांढऱ्या चौकटी. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"नक्षी लुगड्याला बरी दिसंल," म्हणाल्या.

पुढं सरांनी शोधनिबंध लिहिला. 'कंपनरहित वातावरणात' असे शब्द त्यात होते. मी भीत भीत विचारलं, "सर, म्हशीचा उल्लेख करायचा का?"

सरांनी चष्मा पुसला. "तुझं नाव घातलंय की," ते म्हणाले.