आप्पांना विचारा

आप्पा खुर्चीत बसलेले मी एकदाच पाहिले. एरवी ते उभ्यानेच कोड लिहायचे, उभ्यानेच डबा खायचे आणि बोलायला लागले की चालायला लागायचे. शहाद्यातल्या आमच्या तीन खोल्यांच्या ऑफिसात त्यांच्या चपला सतत वाजत असायच्या. माझं डोकं उठायचं.

सिकलसेलच्या रुग्णांना गोळ्या पोचवणारी एक संस्था होती. तिची गाडी तोरणमाळकडच्या कोणत्या पाड्यावर कधी जाणार, हे ठरवणारा प्रोग्राम आप्पांनी एकट्याने बांधला होता. त्यात अपवादांवर अपवाद होते आणि लिहून ठेवलेलं एक अक्षर नव्हतं. विचारलं की आपल्या अहिराणीत म्हणायचे, "काय करस ते कोडमा शे, माय. का करस ते माले इचार."

पण विचारायचं कधी? आप्पा निवृत्त होणार होते आणि प्रोग्राम माझ्या गळ्यात पडणार होता. चार वेळा मी वही उघडून बसले, चारही वेळा ते दहाव्या मिनिटाला दाराकडे चालू लागले. "बठीसन सांगता येत नही माले. चाल, च्या लेवाले जाऊत." शेवटी मी वैतागले आणि सगळा कोड एआय सहायकापुढे टाकला. दुपारच्या चहापर्यंत नव्वद पानी माहितीपुस्तिका तयार! आप्पांनी उभ्याउभ्या दोन पानं उलटली, "लिखेल झकास शे" म्हणाले आणि बाहेर सटकले. मी मनातल्या मनात जिंकले होते.

त्यात एका नियमाखाली लिहिलं होतं, 'होळीआधीच्या आठवड्यात मार्ग बदलणारा हा अपवाद जुना व अनावश्यक दिसतो.' मलाही तसंच वाटलं. मी तो काढून टाकला.

त्या आठवड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात. ढोल घेऊन पाडेच्या पाडे बाजाराला उतरतात, घरी कुणी नसतं. म्हणून आप्पांनी त्या दिवसांत गाडी बाजारातच नेऊन उभी करायची सोय केली होती. ही मी इथलीच पोर, भोंगऱ्या लहानपणापासून पाहिलेला, तरी माझ्या ध्यानात आलं नाही. गाडी रिकाम्या पाड्यांवर फिरली आणि भरल्या खोक्यांनिशी परतली. एका मुलीच्या गोळ्या संपल्या होत्या. तिच्या अंगात कळा सुरू झाल्या, झोळीतून तिला खाली आणावं लागलं. ती वाचली. पण तिच्या आईचा फोन मी घेतला होता, तो आवाज अजून कानातून जात नाही.

त्या दिवशी आप्पा खुर्चीत बसून राहिले. चपला वाजेनात, तेव्हा मला रडू फुटलं. मी मशीनला शिव्या घालू लागले तर म्हणाले, "तिले कसाले बोलस? तिले भोंगऱ्या कोनी दखाडा? तू इचारं नही, मी बठना नही." मग उठले आणि खोकी घेऊन स्वतः पुढच्या बाजाराला गेले.

त्यानंतर मी वही सोडली. आप्पा चालायचे, मी फोनमध्ये त्यांचं बोलणं रेकॉर्ड करत मागे धावायची. ऑफिस ते एसटी स्टँड, स्टँडला एक फेरी, परत. सहायक त्या अहिराणी बडबडीतून एकेक कारण वेचून त्या त्या नियमाखाली लिहायचा. त्याला मी एकच ताकीद दिली होती. कारण ठाऊक नसेल तिथे अंदाज करायचा नाही, 'आप्पांना विचारा' असं लिहायचं. रोज ती ओळ एकदोन ठिकाणांहून कमी व्हायची. आप्पांना त्याची गंमत वाटायची. "किती ऱ्हायनात मन्हा?" असं विचारून ते आणखी भराभर चालायचे.

अकरा राहिले होते. एका सकाळी स्टँडच्या फाटकापाशी आप्पा छातीला हात लावून खाली बसले, ते पुन्हा उठले नाहीत. अकराच्या अकरा नियम मी तसेच ठेवलेत. हात लावायची हिंमत नाही.

काल एका पाड्यासाठी मी नवा अपवाद घातला आणि पुस्तिका ताजी करायला सांगितली. सहायकाने त्याच्याखाली लिहिलं, 'कारण नोंदलेले नाही. आप्पांना विचारा.'

मी फोनमध्ये रेकॉर्डिंग लावलं, चपला घातल्या आणि त्या अपवादाचं कारण बोलत बोलत स्टँडकडे चालू लागले.