हेस्टरबाईंचं पहिलं नाटक

आज वाचनालयात एक बाई मुलीला गोष्ट वाचून दाखवताना बेडकाचा आवाज काढत होत्या, आणि मला एकदम हेस्टरबाई आठवल्या. ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही दक्षिण आफ्रिकेत राहायचो, तेव्हा त्या आमच्या शेजारीण. जन्मभर त्यांनी आफ्रिकान्स भाषेत मुलांसाठी गोष्टी आणि नाटकं लिहिली, आणि वाचून दाखवताना त्याही असेच प्राण्यांचे आवाज काढायच्या. माणसं जातात, त्यांचे आवाज मात्र असे कुठेही भेटतात.

एकदा चहा पिताना त्यांनी आपल्या पहिल्या नाटकाची हकिकत सांगितली. काळ वर्णभेदाचा होता. सभागृहाच्या दारात जवळच्या मेंढ्यांच्या मळ्यावरच्या मजुरांच्या मुलांना अडवलं गेलं. ती मुलंही आफ्रिकान्सच बोलायची, पण गोरी नव्हती. हेस्टरबाईंनी प्रयोग रद्द केला, नटांना घेऊन मळा गाठला आणि लोकरीच्या गोदामात नाटक केलं. पुढे कितीतरी वर्षं एकाही सभागृहाने त्यांना बोलावलं नाही.

"वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं ना, खूप रडले," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी नाटक संपलं, तरी एकही मूल जागचं उठेना. मग आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं."