गाणारी मंडळी आली तर

नाताळाच्या आधीच्या संध्याकाळी आमच्या घरातला उजेड कसा दाट होतो. अंगणात कागदी चांदणी हलत असते, करंज्यांच्या तळणीचा वास पडद्यांत बसून राहतो आणि रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर पेंगत गेल्यासारखे जातात. अशा वेळी आई दरवर्षी मोबाईल कानाला लावून बाबांचा निरोप ऐकते. बाबा सुप्याला कारखान्यात होते. त्यांच्या शेवटच्या नाताळात शिफ्ट सुटायला उशीर झाला, तेव्हा त्यांनी आवाज भरून तो पाठवला होता. "गानारी मंडळी आली तर थांबवून ठेव. मी निघालोय." मागे कंपनीची बस घुरघुरते. एवढंच.

यंदा तो निरोप ऐकायच्या आधीच घात झाला. आमच्या चर्चच्या गायनमंडळात पेटी वाजवणाऱ्या मावशी गाण्यांचे नंबर मेसेजवर पाठवतात आणि आई काही न विचारता ते पुढच्या बायकांना धाडते. त्या दिवशी मावशींच्या नावाने मेसेज आला, की चुकून तुमच्या मोबाईलवर सहा आकडी नंबर गेलाय, तेवढा पाठवा. आईने पिठाचे हात पुसले आणि पाठवून दिला. मावशींचं मेसेजचं खातं कुणीतरी आधीच बळकावलं होतं, आणि तो नंबर आईच्या खात्याची किल्ली होती. तासाभरात तिच्या नावाने लोकांना भलत्याच लिंका जायला लागल्या.

मी भडकले. "आई, कुणाला सांगू नका असं त्यातच लिहिलेलं असतं ना?"

"नंबर तर मी रोजच पाठवते," ती म्हणाली. "सणाचं कुनी काय मागितलं तर न्हाई म्हनायचं व्हय?"

मी आणखी चिडले. मग सगळ्या नातेवाइकांना फोन केले, आईच्या नावाने काही आलं तर उघडू नका. सायबर पोलिसांकडे तक्रारही केली. खातं परत मागितलं, तर चोराने त्याला स्वतःच्या आकड्यांचं कुलूप घातलेलं. आठवडाभर थांबा, असं उत्तर आलं. जुने मेसेज राहतील की जातील, हे मोबाईलच्या दुकानातही कुणी ठामपणे सांगेना.

"त्यांचा आवाज गेला का गं?" आईने एकदाच विचारलं.

दिवेलागणीला गाणारी मंडळी आली. धुक्यातून आधी पेटी आली, मग माणसं. गाणी झाली, केक झाला, मंडळी चपला घालू लागली.

"अजून एक म्हना की," आई दारातून म्हणाली.

एक झालं. तिने पुन्हा तेच म्हटलं. मंडळी हसली, पण गायली. पुढची घरं खोळंबली होती. आईचं गाण्याकडे लक्षच नव्हतं. ती सुप्याच्या रस्त्याकडे बघत होती.

नव्या वर्षात खातं परत मिळालं. मेसेज जागच्या जागी होते. मी आधी आईला नवं कुलूप घालायला लावलं आणि कोणते आकडे घातलेस म्हणून विचारलं.

"तुला का सांगू? कुनालाच सांगायचं न्हाई, तूच म्हनलीस."

मग तिने मोबाईल कानाला लावला. बस घुरघुरली. बाबा म्हणाले, थांबवून ठेव, मी निघालोय.

"थांबवलं हुतं," आई म्हणाली. "लई येळ थांबवलं."