झोपवणं

चेंदणी कोळीवाड्यात मेघालीला सगळे ‘कुत्र्यांची सिस्टर’ म्हणतात. आधी चिडवायला म्हणायचे, आता सवयीने म्हणतात, आणि कोंबडीचा पाय मोडला तरी तिच्याच दारात येतात. पशुसंवर्धनाचा डिप्लोमा करून ती घोडबंदर रोडवर डॉक्टर मृणाल यांच्या दवाखान्यात लागली. जनावर धरणं, शीर शोधणं, सलाइन लावणं, जखमा सांभाळणं ही तिची कामं. हात इतका हलका, की टॉवरमधली चावरी मांजरंही तिच्यापुढे मुकाट पंजा धरतात.

यंदा डॉक्टर तिला म्हणाल्या, “तुला पुढच्या ट्रेनिंगला पाठवायचं ठरवलंय मी. एक विषय निवड. भूल, लॅब, नाहीतर शेवटच्या आजारातली देखभाल. तुझा हात बघता भूलच घे. त्या तिसऱ्याला कोणी जात नाही. सोमवारी सांग.”

मेघालीला लॅब हवी होती. नळीतलं रक्त माणसाला काही विचारत नाही. विचारायची ती दगडाबाई.

दगडाबाई म्हणजे गल्लीच्या तोंडाशी टोपली मांडून म्हावरं, म्हणजे मासळी, विकणारी विधवा. मूलबाळ नाही. तिच्याकडे एक कुत्रा होता, बोंबील. पिल्लू असताना अगदी काडी होता म्हणून ते नाव पडलं, पुढे खाऊन खाऊन ढोल झाला तरी नाव काही बदललं नाही. त्याची नसबंदी करायची होती तेव्हा मेघालीच त्याला दवाखान्यात घेऊन गेली होती. “मावशे, त्याला झोपवायचंय. तू बाहेर बस,” ती म्हणाली होती. दगडाबाई वाफवलेल्या मांदेलीचा डबा घेऊन बाकावर बसली. दुपारी बोंबील झुलत झुलत उठला आणि सगळा डबा फस्त करून मोकळा झाला. म्हातारीचा जीव भांड्यात पडला.

पुढे त्याच्या किडन्या गेल्या. इलाज उरला नाही. डॉक्टर इंग्रजीत बोलल्या आणि समजावून सांगायचं मेघालीवर सोपवलं. आता बघा, भूल द्यायची तरी दवाखान्यात म्हणणार झोपवायचं, आणि जीव घ्यायचा तरी म्हणणार झोपवायचं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आपला हात कोण धरणार! मेघालीनेही तेच केलं. “मावशे, त्याला लय त्रास होतोय गो. झोपवूया आता.”

“झोपव बाय,” दगडाबाई म्हणाली आणि आपणहून बाहेर जाऊन बसली.

सगळं आटोपून मेघाली बाहेर आली, तेव्हा म्हातारीच्या मांडीवर डबा होता. झाकण उघडत तिने विचारलं, “कवा उठंल?”

“तो आता नाय उठणार मावशे,” एवढंच मेघाली बोलली. दगडाबाईने झाकण परत लावलं. बोंबीलला चादरीत गुंडाळून रिक्षाने नेलं आणि खाडीच्या कडेला स्वतःच्या हाताने पुरलं. ना रडली, ना भांडली.

पण दुसऱ्या दिवसापासून मेघाली कामावरून परतली की टोपलीमागून हाक यायची, “उठला का गो बोंबील?”

कोळीवाडा म्हणाला, म्हातारीला भ्रम झाला. मेघालीची आई म्हणाली, तिच्या तोंडी लागू नकोस. पण गिऱ्हाइकाशी रुपयासाठी हुज्जत घालणाऱ्या बाईला कसला आलाय भ्रम? मेघाली रोज तोंडात मिठाची गुळणी धरून पुढे जायची. हळूहळू ते शब्द दवाखान्यातही यायला लागले. एखादं मांजर भूल देऊन टेबलावर आडवं झालं की कानाशी कोणीतरी म्हणायचं, उठला का गो? मांजर व्यवस्थित उठायचं. तरी ते डोळे उघडेपर्यंत हिच्या हाताला घाम सुटलेला असायचा. असा हात घेऊन भूल कशी शिकायची? म्हणून लॅब.

रविवारी संध्याकाळी दगडाबाईने पुन्हा विचारलं, आणि मेघालीचा बांध फुटला. ती टोपलीसमोर मटकन खाली बसली.

“मेला तो मावशे! झोपला नव्हता. औषध टोचून मारला आम्ही त्याला. पाय मीच धरला होता.”

दगडाबाईने हातातला कोयता खाली ठेवला.

“मना म्हाईत नाय? मीच पुरलाय त्याला.”

“मग रोज का विचारतेस? माझा जीव जातो गं त्याने.”

“तू बोलावंस म्हनून.” म्हातारी म्हणाली. “मारलास त्याचा राग नाय. त्याचे हाल मना बगवत नव्हते. पन झोपवतंय म्हनालीस, म्हनून मी भाईर डबा धरून बसले. मरतंय म्हनाली असतीस तर मी आत आले नसते?”

म्हातारी जरा पुढे सरकली.

“दाराकडं बगत व्हता का गो?”

बोंबील शेवटपर्यंत दाराकडेच बघत होता. मेघालीला तेव्हा वाटलं होतं, घाबरून पळायला बघतोय. तिने त्याची मानच वळवून आपल्याकडे करून घेतली होती.

“हो,” ती म्हणाली.

दगडाबाईने पदर तोंडावर घेतला. समोर आलेलं गिऱ्हाईक भाव न विचारताच निघून गेलं.

त्या दिवसानंतर दगडाबाईने परत कधी विचारलं नाही. मेघाली जाता-येता तिच्याकडे बघायची आणि म्हातारी सुरमई कापत राहायची. विचारत होती तेच बरं होतं, असं मेघालीला वाटायचं.

पण ते पुढचं. त्या सोमवारी तिने डॉक्टरांना तिसरा विषय सांगितला तेव्हा त्या वैतागल्याच. “अगं, वेड लागलंय का? हातातलं कसब वाया घालवशील. तिथे रोज कोणी ना कोणी रडणार, तुझ्यावर ओरडणार, टेबलाला धरून बसणार.”

“बसू देत मॅडम,” मेघाली म्हणाली. “आत तर असतील.”