जोडायच्या की वेगळ्या

चेन्नईच्या वेस्ट मांबलममधले माझे समोरचे शेजारी तंजावरकडचे मराठी. मी चहा विचारला की आधी ‘वेणाम’, म्हणजे नको, म्हणतात आणि दारापर्यंत जाऊन ‘वेणुम’, म्हणजे हवा. कॉम्प्युटरमधली माहिती साठवायच्या दोन नव्या एसएसडी चष्म्याच्या डबीत घालून ते हल्ली रोज येतात. “रेड करून दोन्ही एकत्र जोडू, की वेगळ्याच असू देत?”

काल मी पुन्हा समजावलं, “मामा, जोडण्याच्या एका प्रकारात वेग वाढतो, पण एक बिघडली की दोन्हींवरचं सगळं जातं. दुसऱ्यात एक गेली तरी दुसरी राहते.”

समोरच्या उघड्या दारात मामी भाजी निवडत होत्या. त्यांच्याकडे बघत ते म्हणाले, “एकटी मागं राहून ती करणार काय?”

कुणाबद्दल विचारलं, मला कळेना. मी चहा विचारला. ते उठले, नेहमीसारखे दारापाशी थांबले. वेणाम म्हणाले नाहीत आणि वेणुमही नाही.