बिनविरोध तापलेली जीप

मी आयुष्यात एकच निवडणूक जिंकलो, आणि तीही समोर कुणी उभं न राहिल्यामुळे.

गावच्या सोसायटीत जेवढ्या जागा होत्या तेवढेच अर्ज आले आणि मी संचालक झालो. माणसानं एवढ्यावर थांबावं की नाही? पण चौथ्याच दिवशी मी बारामतीला जाऊन चांगला मोठा फ्लेक्स छापून आणला. त्यावर गॉगल लावून हात जोडलेला मी, आणि खाली 'शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार'. (मित्रपरिवाराला हे अजूनही माहीत नाही!)

त्याच आठवड्यात माझ्या भाचीचं, सायलीचं, लग्न होतं. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, निरवांगीला दिलेली. मे महिना, मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. आमच्यात नवरी मामाकडची पिवळी साडी नेसूनच अक्षतांना उभी राहते, आणि ती साडी आमच्या जीपमध्ये, बायकोच्या मांडीवर होती. थोडक्यात, मामा पोचला तर लग्न, नाही तर नुसतंच जेवण!

निघायचं होतं आठला. निघालो साडेनवाला, कारण मी तो फ्लेक्स जीपच्या तोंडावर बांधत होतो. वरच्या दोऱ्या बॉनेटला, खालच्या बंपरला. असा ताणला की माझ्या गालावर सुरकुती म्हणून राहिली नाही.

"आवं, लगीन सायलीचं हाय," मंगल म्हणाली. मंगल म्हणजे आमची सौभाग्यवती. "तुमचं तोंड कशाला म्होरं?"

"पाव्हण्यास्नी कळाय नको का, मामा कोण हाय ते?"

"कळंल की! मागल्या लग्नात जेवताना बगितलंय त्येंनी."

जीप बावीस वर्षांची आहे, पण तिच्या पोटातलं मला सगळं कळतं असं माझं मत आहे. (हे मतही बिनविरोध आहे, कारण ते दुसऱ्या कुणाचंच नाही.) बारामती मागे पडली आणि तापमानाचा काटा वर सरकायला लागला. आणखी थोडं पुढं गेलो तर तो लाल पट्ट्यात जाऊन बसला आणि बॉनेटमधून वाफ निघाली.

मी उतरलो. फ्लेक्सच्या खालच्या दोऱ्या हलक्या हातानं सोडल्या, चेहऱ्याला घडी पडायला नको म्हणून, आणि बॉनेट वर केलं. त्याबरोबर फ्लेक्सही वर गेला. आता, गरम रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नये हे मला माहीत आहे. गावातल्या निम्म्या लोकांना मीच ते सांगितलंय. म्हणून मी खांद्यावरचं उपरणं हाताला गुंडाळून झाकण उघडलं!

तांबडं, गंजकं पाणी कारंज्यासारखं उडालं. हात वाचला, पण पांढरा सदरा तांबडा झाला.

"भाजलं न्हाय न्हवं?" मंगल धावत आली. भाजलं नाही म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला आणि लगेच आवाज चढला. "शानपना नडतोय तुमचा, शानपना!"

रस्त्याकडेच्या कालव्याच्या चारीतलं पाणी भरलं, बॉनेट लावलं, फ्लेक्स पुन्हा ताणून बांधला आणि निघालो. दहा मिनिटांत काटा परत लाल! आता मी फॅनबेल्टवर आलो. बेल्ट सैल आहे असं जाहीर करून तो इतका आवळला की जीप रडल्यासारखी कुंई करायला लागली. तरी तापलीच. मग मला गळतीचा संशय आला.

"हळद काढ," मी म्हणालो.

"कशाला?"

"रेडेटरात टाकायची. भोकं बुजत्यात."

"आवं, लग्नाची हळद हाय ती!"

पण मी मुठीनं हळद टाकली. थोडी टाकीत गेली, बाकीची वाऱ्यानं माझ्यावर आली. नवरीच्या आधी जीपला आणि जीपच्या आधी मामाला हळद लागली! पुन्हा फ्लेक्स बांधला. पुन्हा तापली.

रखडत रखडत वालचंदनगरला एका मिस्त्रीकडं पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. मिस्त्री हात पुसत येईपर्यंत मी दोऱ्या सोडून बॉनेट वर करून ठेवलं, आणि त्याला आजाराचं नाव, कारण, उपाय सगळं सांगून टाकलं. त्यानं ते ऐकून घेतलं, बेल्ट सैल केला, पाणी बघितलं, आणि बॉनेट उघडं ठेवून दहा मिनिटं इंजिन पळवलं. काटा निम्म्याच्या वर जाईना!

"पाव्हणं, गाडीला कायबी झाल्यालं न्हाय."

"मग तापती कशी?"

"हितं तर न्हाय तापत. तुमी चालवताना काय करताय?"

या प्रश्नाचा मला अतिशय राग आला. मी बॉनेट आपटलं आणि त्याच्यादेखत नव्हे, तर मुद्दाम कोपऱ्यापलीकडं जाऊन फ्लेक्स बांधला. असल्या अडाण्याला संचालक दाखवायचा तरी कशाला?

कळंबच्या पुढं जीपनं पाचव्यांदा मान टाकली. बारा वाजून पाच मिनिटं. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. मी बॉनेट उघडून आत डोकं घातलं. मंगलनं या खेपेला मला काही विचारलं नाही. तिनं फ्लेक्स चारी बाजूंनी सोडला, बाभळीच्या सावलीत अंथरला आणि साडीची पिशवी घेऊन नेमकी माझ्या चेहऱ्यावर बसली.

तेवढ्यात आक्काचा फोन आला. "नाना, कुठं हायस रं? पोरगी न्हाऊन बसलीया साडीसाठी. दुसरी कंची नेसत न्हाय म्हणती. रडाय लागलीया."

मी फोन खिशात कोंबला. पोरीला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवलेली मी. पाणी ओतलं, मंगलनं फ्लेक्स गोळा करून मागं टाकला आणि जीप हाणली. निमसाखर मागं पडलं. काटा खालीच!

"बगितलंस? हळद लागू पडली!" मी म्हणालो.

मंगल काट्याकडं बघत होती. मग तिनं मागं बघितलं. मग माझ्याकडं. आणि ती जी हसायला लागली, ती पदर तोंडात कोंबूनही थांबेना.

"आवं, हळद न्हाय! सकाळपासनं रेडेटरच्या म्होरं तुमी हुबं हाय! वारा शिरंल कुठनं आत?"

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. बॉनेट उघडलं की फ्लेक्स वर, म्हणून मिस्त्रीकडं गाडी थंड. बॉनेट लावलं की फ्लेक्स खाली, म्हणून रस्त्यात गरम. जीपला आजार एकच होता, आणि तो गॉगल लावून हात जोडून हसत होता!

"परत बांदून खात्री करू का?" मी चाचरत विचारलं.

"बांदा. मी साडी घिऊन चालत जाते."

आम्ही पोचलो तेव्हा मुहूर्त टळून पंधरा मिनिटं झाली होती. बायकांनी साडी हिसकावून नेली. मंडपात सूत्रसंचालक वेळ काढायला सापडेल त्याचं स्वागत करत होता. दहा मिनिटांत सायली पिवळी साडी नेसून आली, मला बघितलं आणि डोळे पुसत म्हणाली, "मामा, तुमाला कुनी लावली हळद?" मी तिचा हात धरून तिला स्टेजवर नेलं आणि तिच्या पाठीशी मामाच्या जागेवर ताठ उभा राहिलो. छाती अशी पुढं काढली की सदऱ्याची बटणं ताणली.

पहिलं मंगलाष्टक झालं. दुसरं सुरू झालं तशी सायली घामानं निथळायला लागली. नवरदेवाच्या मुंडावळ्या गालाला चिकटल्या. भटजींनी उपरण्यानं वारा घेतला. एवढा मोठा कूलर लावलेला असून असं का व्हावं, हे शोधायला मी छाती आणखी पुढं काढून चहूकडं बघितलं.

तेवढ्यात खालून, सगळ्या पाहुण्यांच्या देखत, आक्का ओरडली, "आरं नाना, कूलरच्या म्होरनं सरक की! नवरी तापलीया!"

मी मुकाट्यानं बाजूला झालो.