बाळंतिणीच्या खोलीवरचे पत्रे

आमच्या विभागाचं छप्पर वानरांनी फोडलं म्हणून ते बदलायची वेळ आली. नाहीतर ते तसंच राहिलं असतं आणि मी त्याच्याच खाली रिटायर झाले असते.

वर्ध्याहून निघालं की सेलूच्या अलीकडे विद्यापीठाचं आमचं उपकेंद्र आहे. जुन्या प्रयोगशाळांवर सिमेंटचे पत्रे. सगळे त्यांना सिमेंटचेच पत्रे म्हणतात, कारण दिसतात तसे. आत अॅस्बेस्टॉस असतं. कडुनिंबावरून काळ्या तोंडाची वानरं धाडकन त्यावर उड्या मारायची, पत्र्याला चीर पडायची आणि खाली प्रॅक्टिकलच्या टेबलावर पांढरी भुकटी सांडायची. पोरं ती फुंकून टाकायची. मी डस्टरनं पुसायचे. मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. ओरडून ओरडून दमले होते. लेखी दिलं, तोंडी दिलं, भांडून झालं. ‘बघू मॅडम’ यापलीकडे कुणी गेलं नाही. शेवटी एका उन्हाळ्यात एक अख्खा पत्रा वानरासकट आत आला, तेव्हा समिती बसली.

समितीत मी एकटी बाई. पत्रे रीतसर काढायचं ठरलं, ते चांगलंच झालं. मग आमचे संचालक म्हणाले, “एक लक्षात ठेवा. कॅन्सर हा शब्द या खोलीच्या बाहेर जाता कामा नये. उद्या पोरं गेटवर बसतील, पालक फोन करतील.”

मी म्हटलं, “सर, लोकांना सांगितलं नाही तर ते काळजी कशी घेणार?”

“काळजी आपण घेतोय ना. तुम्ही फार ताणता, मॅडम.”

माझं डोकं असं सणकलं की समोरचा चहा तसाच गार झाला. पण बाकी सगळे माना डोलवत होते. नोटीस लागली ती एवढीच, की छत दुरुस्तीमुळे प्रयोगशाळा बंद राहतील. मीही ती वाचली आणि पुढे गेले.

काम मात्र चोख झालं, ते नाकारत नाही. ऐन एप्रिलच्या उन्हात डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घातलेली माणसं वर चढली. पत्र्यांवर आधी पाणी मारलं, मग एकेक पत्रा न तोडता खाली उतरवला. जाड प्लास्टिकच्या दोन घड्यांत गुंडाळून, चिकटपट्टी लावून, जुन्या सायकल स्टँडमागे थप्पी लावली. प्रत्येक गठ्ठ्यावर लाल कागद चिकटवला. त्यावर इंग्रजी मजकूर आणि कवटीचं चित्र. आता कवटी आमच्याकडे इलेक्ट्रिकच्या प्रत्येक डीपीवर असते, आणि त्याच डीपीच्या कुंपणाला लोक बकऱ्या बांधतात. कवटीला इथे कोण भितो?

घातक कचरा नेणारी गाडी नागपूरकडून यायची होती. ती आज येते, उद्या येते करत आलीच नाही.

आमच्याकडे कुठल्याही सरकारी इमारतीचं छप्पर उतरलं, की पत्रे कचऱ्यात जात नाहीत. ओळखीपाळखीत वाटले जातात. कुणाच्या गोठ्यावर, कुणाच्या चुलीच्या आडोशावर, कुणाच्या संडासावर. मागणाऱ्याला लाज वाटत नाही आणि देणाऱ्याला पुण्य लागतं. त्यामुळे आमच्या मेसमध्ये पोळ्या करणारी बाई मला भेटायला आली, त्यात नवल काही नव्हतं.

ही बाई नालवाडीची. माझ्याहून थोडी लहान, पोळीवर हात असा फिरायचा की बघत राहावं. जेवणाच्या सुट्टीत मी कितीतरी वर्षं तिच्याजवळ जाऊन बसायचे. विभागातल्या लोकांपेक्षा तिच्याशी बोलण्यात मला जास्त रस. तिची एकुलती एक मुलगी सिंदी रेल्वेकडे दिलेली. मागचं एक पोटातच गेलं होतं. आता पुन्हा दिवस होते आणि ती माहेरी यायची होती.

“मॅडम, ते मागचे पत्रे मले द्या ना,” ती म्हणाली. “पोरीले मागची खोली करून राह्यली मी. वर टिना हायेत. मे महिन्यात टिनाखाली लेकरू भाजून निघन.”

तिचं खरं होतं. वर्ध्याच्या मे महिन्यात टिनाखाली, म्हणजे लोखंडी पत्र्याखाली, उभं राहून पाहावं. सिमेंटचा पत्रा त्यामानानं थंड राहतो, म्हणून तर लोक त्याच्यावर जीव टाकतात.

“ते देता येणार नाहीत,” मी म्हटलं. “खराब आहेत.”

“खराब हायेत तं एवढे आंदनासारखे गुंडाळून काऊन ठेवले?”

“तब्येतीला बरे नसतात.”

ती हसली. “तुमची तं अर्धी जिंदगी त्याच्याच खाली गेली. तुमाले काय झालं? चांगल्या ठणठणीत तं हाय.”

मला खोकला आहे, जुना आहे, पण त्यावर मी काही बोलले नाही. नोटिशीपलीकडचं बोलायचं नाही असं ठरलेलं होतं, आणि वर मला पेपर तपासायचे होते. गाडी येईल आणि गठ्ठे जातील, असं मी गृहीत धरलं. ती उठून पोळपाट धुवायला गेली.

मे लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं की थप्पी खाली बसली आहे. चौकीदाराला विचारलं तर तो सहज म्हणाला, “मेसवाल्या बाईनं नेले दोन गठ्ठे. फेकायचेच व्हते ना? तिच्या पोरीचं बाळंतपण हाय.” त्यानं गाडीवर चढवायलाही मदत केली होती. मी स्कूटी काढली आणि भर दुपारी तशीच नालवाडीला निघाले.

मागच्या खोलीवर पत्रे चढले होते. बाईचा भाऊ शेजारीच राहतो, वेल्डिंगचं काम करतो. त्यानं ग्राइंडरनं ते अंगणातच मापात कापले होते. कोरडे. सगळ्या अंगणात पांढरी धूळ. खाटेवर कुरडया वाळत होत्या, त्यांच्यावरही. आणि मुलगी, पोट समोर आलेलं, एका हातानं कंबर धरून खराट्यानं ती धूळ झाडत होती.

मी विचारलं, “कापत होते तेव्हा तू इथे होतीस?”

“हो. मीच तं पत्रा धरला मामासाठी,” ती हसून म्हणाली. “पुरे नाकातोंडात गेलं, मॅडम.”

मी तोंड उघडलं. सगळं तिथेच सांगणार होते. ही धूळ म्हणजे साधी माती नव्हे, तिचे धागे छातीत रुतून बसतात, वीस-तीस वर्षांनी उठतात, मग डॉक्टरही हात टेकतात. पण बाईनं मध्येच माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली, “मॅडम, दिवस भरत आले तिचे. तिच्यासमोर आजाराबिजाराचं काई बोलू नका. मागच्या खेपेले अशीच एक म्हातारी बुडी आली व्हती, नाई नाई ते बोलली, अन् आठ दिवसांत समदं गेलं.”

तिचे डोळे मी पाहिले. गरोदर बाईसमोर अभद्र बोलू नये हे मलाही घरातून शिकवलेलं आहे. विज्ञान शिकवते म्हणून ते पुसलं जात नाही. मी शब्द गिळला आणि त्याच्या जागी दुसरं बोलले.

“हे पत्रे ऑफिसचे आहेत,” मी म्हटलं. “मोजलेले आहेत. परत द्यावे लागतील, नाहीतर चौकशी लागेल.”

तिनं माझा दंड सोडला. “चोर म्हनून राह्यल्या का मले?”

“तसं नाही गं.”

“तसंच झालं ना मंग.”

पुढे ती माझ्याशी बोललीच नाही. मला वाईट वाटलं, पण मनात म्हटलं, रागावली तर रागावली, पत्रे तर उतरतील. संचालकांना मी जाऊन सांगितलं, तर त्यांना पहिली काळजी ही, की कुणाला कळलं का. मी म्हटलं, “नाही कळलं. कळणारही नाही. पण माणसं पाठवा.” आवाज माझा चांगलाच चढला होता. दोन दिवसांत कंत्राटदाराची दोन माणसं गेली. पत्रे ओले करून उतरवले, नव्या प्लास्टिकमध्ये बांधले आणि घेऊन आले. अंगणातले तुकडेही त्यांनी वेचले. माझ्या घराच्या गच्चीवर शेड होती, तिच्या टिना काढून मी नालवाडीला पाठवल्या. बाईच्या भावानं त्या ठोकल्या आणि उन्हाला आडोसा म्हणून वर तुऱ्हाट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, अंथरल्या. मुलीला धूळ झाडू नकोस, अंगणात पाणी मार, एवढंच मी फोनवर सांगितलं. ती ‘हो’ म्हणाली. का, ते तिनं विचारलं नाही.

गाडी शेवटी आली. थप्पी गेली. संचालकांनी मला बोलावून विचारलं, “आकडा जुळला ना?” पत्र्यांचा आकडा बरोबर जुळला होता. त्यांनी पेढा पुढे केला, आणि मी तो खाल्ला.

मुलगी दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. बारशाचं बोलावणं घेऊन बाईचा भाऊ आला, बाई स्वतः आली नाही. मी एक झबलं आणि खुळखुळा घेऊन गेले. म्हटलं, आज तरी हिचा रुसवा काढू.

मागच्या खोलीत बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. टिना तापलेल्या, कूलर नुसता घरघरत होता. पाळणा सजवून टांगलेला, बाळ अजून खाटेवर. इवलंसं, नाक आजीचं. मी जवळ बसले आणि बाईनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, “घ्या ना मॅडम, उचला. हिची काई चौकशी लागत नाई.” तेवढ्या टोमण्यानंही मला हायसं वाटलं. निदान बोलली तरी.

मी बाळाला उचललं. ते ओलं झालेलं होतं. खालची गोधडी बदलायला बाईनं ती ओढली, तर खाली प्लास्टिक. जाड, दुधी रंगाचं. कडेला चिकटपट्टी तशीच. एका कोपऱ्यात लाल कागद, नखानं खरवडलेला, पण कवटीचा जबडा तेवढा राहिलेला.

मला काय दिसतंय ते कळायला एक क्षण लागला. कंत्राटदाराच्या माणसांनी पत्रे नेले होते. जुनं प्लास्टिक कुणी मागितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

“हे कुठलं?” मी विचारलं.

“तुमचंच हाय, मॅडम,” बाई अभिमानानं म्हणाली. “पत्रे तं तुमी नेले. हे राह्यलं. चांगलं जाड हाय, ओलं खाली उतरत नाई. इथंच झटकून घेतलं अन् टाकलं पोरीच्या खाटेवर. आल्या दिवसापासून लेकरू याच्यावरच निजते.”

इथंच म्हणजे या खोलीत. या चार भिंतींत. घड्यांमध्ये ती भुकटी अजून पिठासारखी अडकलेली दिसत होती. बाळाला मी त्याच्या आईकडे दिलं आणि म्हटलं, “हिला घेऊन बाहेर जा. कडुनिंबाखाली बस. आत्ताच्या आत्ता.”

मुलीची सासू म्हणाली, “बारशाच्या दिवशी हे काय बोलून राह्यल्या तुमी?”

आणि मग मी बोलले. पाळण्यासमोर, सगळ्या बायकांसमोर, ज्या शब्दाला समितीनं दार लावलं होतं तो शब्द घेऊन बोलले. पत्र्यात काय असतं, कापल्यावर काय उडतं, ते छातीत कुठे जातं, किती वर्षं गप्प बसतं. पोरीला कदाचित काहीच होणार नाही, तेही सांगितलं, कारण ते खरं आहे. कदाचित होईल, हेही सांगितलं. ते कळायला ही तान्ही पोर तिच्या आईएवढी व्हावी लागेल. कुणी रडलं नाही. एक बाई उठली आणि तिनं कूलर बंद केला.

कोरडा झाडू लावू नका, असं मी म्हटलं. बाईनं प्लास्टिकवर पाणी शिंपडलं. आम्ही दोघींनी त्याची हळूहळू आतल्या आत घडी घातली आणि ते एका पिशवीत बांधलं. मग ओली फडकी घेऊन खाट पुसली, भिंती पुसल्या, पाळण्याची दोरीसुद्धा पुसली. बाहेर कुणीतरी हळू आवाजात पाळण्याचं गाणं सुरू केलं होतं, बहुतेक पोर रडत होती म्हणून.

बाई फडकं पिळता पिळता थांबली.

“त्या दिवशी पोरीसमोर बोलू नका, असं मी म्हनलं व्हतं,” ती म्हणाली. “पोरीसमोर. मले तं सांगता आलं असतं ना, मॅडम? बाहेर नेऊन, रस्त्यावर. मी का दिवसांची व्हती?”

मी खाली बसून कोपरा पुसत होते. तिच्याकडे पाहवलं नाही. तिनं माझ्या हातातलं फडकं घेतलं, बादलीत बुडवलं, आणि तो कोपरा स्वतः पुन्हा पुसायला घेतला.